पहिल्याच घोटाला चेहरा लाल

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

गेल्या अंकात एका आजोबांना उत्तर देताना मी एवढंच लिहिलं होतं, की काही औषधं चालू असताना दारू घेतली तर तोंड लालेलाल होतं आणि छाती धडधडते, तेव्हा जपा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकते. बऱ्याच जणांनी पत्राची सुरुवात "मी तसा पीत नाही, पण" अशी केली आहे. त्याची काही गरज नाही. मी औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, कोण किती पितं याचा हिशेब ठेवण्यात नाही.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, सध्या तोक्योत नोकरी करते. नवरा जपानी आहे. दिवाळीत त्याला पहिल्यांदा गावी आणलं. काकांनी हौसेनं व्हिस्कीचा छोटा पेग भरून दिला. अर्धा ग्लास संपेपर्यंत त्याचा चेहरा, कान, मान सगळं लालभडक, डोळेसुद्धा तांबारले. चुलतभाऊ हसायला लागले, "दाजींना लगेच चढली." बाबांनी बीपीचं मशीन काढलं. नवऱ्याला त्याचं काहीच नाही. म्हणतो, कॉलेजात याहून जास्त व्हायचं, सीनियर मुलांनी पाजून पाजून सवय लावली. ऑफिसच्या पार्टीआधी तो ॲसिडिटीची एक गोळी घेतो, मग चेहरा लाल होत नाही म्हणे. ही ॲलर्जी आहे का? सवयीनं जाते का? आणि आम्हाला मूल झालं तर त्यालाही हे येईल का?

उत्तर : तुझ्या चुलतभावांना सांग, चढणं वेगळं आणि लाल होणं वेगळं. दारू चढते ती मेंदूत. चेहरा लाल होतो तो दारूपासून यकृतात पुढे जे तयार होतं त्याच्यामुळे.

यकृतात दारूची दोन टप्प्यांत विल्हेवाट लागते. पहिल्या टप्प्यात तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं. हा पदार्थ विषारी आहे. तो रक्तवाहिन्या फुगवतो, पेशींना हिस्टामिन (ॲलर्जीतही निघतो तो पदार्थ) सोडायला लावतो, नाडी पळवतो, डोकं दुखवतो, मळमळ आणतो. म्हणून दुसऱ्या टप्प्यात एएलडीएच-२ नावाचं विकर (एन्झाइम) लगोलग त्याचं ॲसिटेट करून टाकतं, आणि ॲसिटेटपासून शरीराला धोका नाही. तुझ्या-माझ्यात हे दुसरं काम इतक्या झपाट्यानं उरकतं की रक्तात ॲसिटाल्डिहाइड जेमतेम सापडतं. तुझ्या नवऱ्यात नेमकं हेच विकर अधू आहे, असं तुझ्या वर्णनावरून दिसतं.

हे विकर चार तुकड्यांचं बनतं, पालखीला चार भोई असावेत तसं. या तुकड्याच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल तर निम्मं काम तरी होईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. चार भोयांत एक जरी लंगडा निघाला तरी पालखी रखडते, आणि अशा मिसळीतून जमलेल्या चौघांत एखादा लंगडा असण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे एका बिघडलेल्या प्रतीनंही विकराचं काम निम्म्याच्या बरंच खाली येतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर ते जवळपास बंदच.

बिघाड म्हणावा तर केवढासा! बाराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं आणि त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ५०४व्या जागी ग्लुटामेट या अमिनो आम्लाऐवजी लायसिन हे दुसरं येऊन बसतं. पण ते जपान, चीन, कोरिया, तैवान या पट्ट्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांत सापडतं. जगभरात मिळून अशी माणसं सुमारे ५४ कोटी. तेव्हा जावईबापू साताऱ्यात नवलाचे ठरले असले तरी तोक्योत त्यांच्या ऑफिसच्या टेबलावर पहिल्या बिअरनंतर तसे दोन-तीन चेहरे सहज दिसत असतील.

सवयीचं म्हणशील, तर १९७२ मध्ये पीटर वुल्फ यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध छापला. जपानी, तैवानी, कोरियन आणि युरोपीय वंशाच्या लोकांना थोडी दारू देऊन त्यांनी चेहऱ्याचा लालपणा मोजला होता. प्रौढांबरोबर त्यांनी तान्ह्या बाळांनाही थेंबभर देऊन पाहिली. (आज असा प्रस्ताव घेऊन कुणी आमच्या नैतिकता समितीपुढे आलं असतं तर दारातही उभं केलं नसतं.) फरक बाळांतही दिसला. म्हणजे हे जन्माबरोबर येतं, बैठकीत बसून कमावलं जात नाही. मागचं कारण हे विकर आहे, हे पुढे काही वर्षांनी हॅम्बुर्गमध्ये काम करणाऱ्या गोएडे, अगरवाल आणि हाराडा यांनी दाखवलं.

ही ॲलर्जी नव्हे. हिस्टामिनचा त्यात हात असतो म्हणून लक्षणं ॲलर्जीसारखी भासतात, एवढंच. बाबांचं मशीनही त्या वेळी फार काही सांगणार नव्हतं. रक्तवाहिन्या फुगल्या की दाब वाढण्याऐवजी थोडा उतरूही शकतो, नाडी मात्र पळते.

आता सवय. कॉलेजातल्यापेक्षा आता कमी लाल होतो, हे तो खरंच सांगतो आहे. रोज-दोन रोज पिणाऱ्यांत लालपणा हळूहळू मंदावतो. पण विकर सुधारत नाही, ते काही तालीम करून तगडं होत नाही. ॲसिटाल्डिहाइड साचायचं तितकं साचतच राहतं, फक्त चेहरा त्याची वर्दी देईनासा होतो. म्हणून जपानी संशोधकांनी दोन साधे प्रश्न तयार केले आहेत. एक, आज एक ग्लास बिअर घेतली तर लगेच तोंड लाल होतं का? दोन, प्यायला लागलात त्या पहिल्या एक-दोन वर्षांत व्हायचं का? दोन्हींपैकी एकाला जरी होकार आला तरी विकर अधू असल्याचं सुमारे नव्वद टक्के वेळा बरोबर ओळखता येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या नवऱ्यानं न विचारताच देऊन टाकलंय.

पुढचं मात्र त्याला जवळ बसवून वाचून दाखव. ॲसिटाल्डिहाइड डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दारूला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं. पिण्यातून अंगात येणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडलाही २००९ मध्ये त्याच गटात बसवलं. त्याच वर्षी अमेरिकेतले फिलिप ब्रुक्स आणि जपानमधल्या कुरिहामा इथल्या व्यसनमुक्ती रुग्णालयातले अकिरा योकोयामा यांनी सहकाऱ्यांबरोबर एक लेख लिहिला. त्याचा सारांश असा, की पिऊन चेहरा लाल होणाऱ्या माणसानं पिणं चालू ठेवलं तर तेवढीच दारू पिणाऱ्या इतरांपेक्षा त्याला अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी जास्त, आणि डॉक्टरांनी हा साधा प्रश्न रुग्णाला विचारायलाच हवा. ज्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात त्यांना एक घोटही इतका त्रास देतो की ते पीतच नाहीत, आणि म्हणून वाचतात. धोका असतो तो एक प्रत बिघडलेल्यांना, ज्यांना थोडा त्रास होतो आणि मित्रमंडळी तो सोसायला शिकवतात.

हे शिकवणं किती परिणामकारक असतं त्याचे जपानमधलेच आकडे आहेत. दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या जपानी रुग्णांत ही एक प्रत बिघडलेली माणसं १९७९ मध्ये अडीच टक्के होती, १९८६ मध्ये आठ टक्के आणि १९९२ मध्ये तेरा टक्के. तेरा वर्षांत काही जनुक बदलत नाही. बदलली ती ऑफिसनंतरची बैठक आणि तिथे 'नाही' म्हणण्याची किंमत. दोन्ही प्रती बिघडलेला मात्र या रुग्णांत एकही नव्हता. तिथे आग्रहाचंही काही चालत नाही.

ॲसिडिटीच्या गोळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बंद. ती बहुधा फॅमोटिडिन असणार. हिस्टामिनचा एक रस्ता ती अडवते, म्हणून गाल पांढरे राहतात. ॲसिटाल्डिहाइडला ती हातही लावत नाही. चेहरा लाल नाही म्हणून माणूस एकाऐवजी तीन ग्लास घेतो आणि ते सगळं अन्ननलिकेच्या खात्यावर जमा होतं. त्यावर सिगारेट ओढत असेल तर विचारायलाच नको, तिच्या धुरातही ॲसिटाल्डिहाइड असतंच.

सर्वांत बरं म्हणजे त्यानं पिणं सोडावं. नोमिकाईला, म्हणजे ऑफिसनंतरच्या पिण्याच्या बैठकीला, गेल्यावर पहिल्याच फेरीला ऊलाँग चहा मागवावा. तिथे कितीतरी जण मागवतात, आणि बळजबरीनं पाजण्याला आता 'आरुहारा' म्हणून छळवणुकीतच धरतात, हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. बरीच वर्षं नियमित घेत आला असेल तर तिथल्या डॉक्टरांना लालपणाची ही हकिगत सांगून दुर्बिणीनं अन्ननलिका तपासायची का ते विचारावं. जपानी डॉक्टर यात तरबेज आहेत. गिळताना अडकतंय असं कधी वाटलं तर वाट बघत बसू नये. त्याच्या वडिलांना हृदयविकार असेल तर आणखी एक गोष्ट कामाची: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात त्या नायट्रोग्लिसरिनला शरीरात कामाला लावणारं विकरही हेच. ते अधू असलेल्यांना ती गोळी कमी लागू पडू शकते. डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.

राहिलं मूल. तो निदान अर्धा ग्लास तरी पचवतो, म्हणजे त्याची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असावी. आपल्याकडे हा बदल फारच दुर्मिळ, तेव्हा तुझ्या दोन्ही प्रती जवळजवळ नक्की चांगल्या. अशा वेळी प्रत्येक मुलाला ती बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी. दोन्ही प्रती बिघडलेलं मूल तुमच्या घरी होणार नाही. आणि मूल तसं झालंच तर काळजीचं कारण नाही. दूध, भात, पुरणपोळी सगळं पचेल. पंचविशीत कुणी ग्लास पुढे केला की "मला चालत नाही" एवढं म्हणायला शिकव.

प्रश्न : वय ३४, कोल्हापूर. गालावर आणि पापणीजवळ कोडाचा छोटा डाग आला म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी टॅक्रोलिमसचं मलम दिलंय, दोन वेळा लावतो. परवा मॅच बघताना एक बिअर घेतली. दहा मिनिटांत मलम लावलेली जागा भाजल्यासारखी गरम आणि लाल झाली, तासाभरात गेली. मित्र म्हणतात, तुझ्यात चायनीज जीन आहे. पूर्वी बिअरनं असं कधी झालं नव्हतं.

उत्तर : मित्रांना मोबाइलवर जरा कमी वाचायला सांगा. जन्मजात गोष्ट चौतिसाव्या वर्षी मॅच बघताना उगवत नाही. पूर्वी होत नव्हतं आणि आता होतंय, तर मधल्या काळात नवीन काय आलं ते बघायचं. तुमच्याकडे ते ट्यूबमध्ये आहे. टॅक्रोलिमस लावणाऱ्या काही जणांना दारू घेतल्यावर, विशेषतः चेहऱ्यावर, अशी लाली येते हे आम्हाला माहीत असलेलं आहे. त्रासदायक आहे, घातक नाही. त्यासाठी मलम सोडू नका, कोडावर ते चांगलं काम करतंय असं डॉक्टर म्हणत असतील तर बिअर सोडा. आणि पुढच्या खेपेला त्यांना हे सांगा. पुरुषमंडळी त्वचेच्या डॉक्टरला बिअरचं सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

याच निमित्तानं, गेल्या अंकातल्या त्या वाक्याबद्दल ज्यांनी औषधांची नावं मागितली त्यांच्यासाठी. नायट्यावरचं ग्रिसिओफुल्विन, सेफोपेराझोनसारखी काही इंजेक्शनं, मधुमेहावरची क्लोरप्रोपामाइड ही जुनी गोळी, यांच्याबरोबर दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड, उलटी असा प्रकार होऊ शकतो. जुलाबावर आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोलबद्दलही आम्ही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. मेट्रोनिडाझोलच्या बाबतीत पुरावा आता पूर्वीइतका पक्का मानत नाहीत, पण जुलाब लागलेले असताना दारू पिण्याची घाई कुणाला आहे? गोळ्या संपून दोन-तीन दिवस जाऊ द्या. आणि लाली दारूशिवायही येत असेल, सोबत जुलाब, अंगावर गांधी किंवा छातीत घरघर असेल, तर हा सदरातून सुटणारा विषय नाही. फिजिशियनला भेटा.

प्रश्न : मी अकोल्यात शिक्षिका आहे, वय ४५. आयुष्यात दारूला शिवलेले नाही. तीन-चार वर्षांपासून गाल आणि नाक लाल राहतं, उन्हातून आलं की किंवा गरम चहा घेतला की जास्त. बारीक पुळ्याही येतात. स्टाफरूममध्ये एकीनं दुसरीला "घेत असेल" असं म्हटलेलं मी ऐकलं. मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

उत्तर : तुमच्या वर्णनावरून हे रोझेशिया दिसतं. त्वचेचा जुनाट आजार, तिशीनंतर सुरू होतो. ऊन, गरम चहा, तिखट, मनस्ताप आणि दारू, यांनी तो भडकतो. दारू ही भडकवणाऱ्यांपैकी एक, पण आजार होण्यासाठी दारू लागत नाही. लाल नाकाचा माणूस म्हणजे बेवडा, हा समज जगभर आहे आणि जगभर चुकीचा आहे. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही म्हणून आपल्याकडे हा आजार उशिरा ओळखला जातो.

मला काळजी तुमच्या ट्यूबची वाटते. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. लावलं की दोन दिवस चेहरा छान, थांबवलं की दुप्पट लाल, मग पुन्हा लावायचं. गोरं व्हायला म्हणून या ट्यूबा घराघरांत पोचल्या आहेत आणि त्यांनी बिघडवलेले चेहरे त्वचारोगतज्ज्ञ रोज बघतात. एकदम बंद केल्यावर काही आठवडे चेहरा फार पेटतो, म्हणून त्यांच्या देखरेखीखालीच सोडवा. सांधे दुखत असतील, केस जात असतील तर तेही सांगा, कारण ल्युपस नावाच्या आजारातही गाल लाल होतात आणि तो वगळावा लागतो. अकोल्याच्या उन्हात छत्री आणि सनस्क्रीन दोन्ही हवं. स्टाफरूमसाठी औषध नाही, पण हा अंक टेबलावर उघडा ठेवून द्यायला हरकत नाही.

प्रश्न : फक्त रेड वाइननं तोंड लाल होतं, शिंका येतात. व्हिस्कीनं काही होत नाही. का? (नाशिक)

उत्तर : व्हिस्कीनं होत नाही म्हणजे दारू पचवणारं विकर ठीक आहे. वाइनमध्ये, त्यातही लाल वाइनमध्ये, आंबण्याच्या क्रियेत हिस्टामिन तयार होतं, शिवाय टिकण्यासाठी सल्फाइट घातलेलं असतं. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट बाधतं. शिंकांपर्यंत असेल तर लाल वाइन टाळा, प्रश्न मिटला. श्वास लागला तर पुढचा ग्लास नाही, डॉक्टर.

प्रश्न : माझं नाव-गाव छापू नये. नवरा रोज पितो. मुलगी दहावीला आहे. ओळखीच्या एका मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या, म्हणाला कुस्करून वरणात घाला, त्यांना कळणार नाही, आपोआप शिसारी बसेल. आठवडाभर घातल्या. मग एका रात्री ते पिऊन आले आणि अर्ध्या तासात तोंड कुंकवासारखं लाल झालं, छाती फुटतेय म्हणून ओरडायला लागले, उलट्या, घाम, हातपाय गार. दीर म्हणाले ॲटॅक आला. दवाखान्यात सलाइन लावलं, सकाळी सोडलं. मी तिथे काही बोलले नाही. पंधरा दिवस ते घाबरून होते, आता पुन्हा पितात. गोळ्या कमी प्रमाणात पुन्हा सुरू करू का?

उत्तर : नाही, ताई. अर्धीही नाही, पावही नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ती गोळी डायसल्फिरमची असावी. पाकीट असेल तर नाव बघा. वर साताऱ्याच्या मुलीला जे लिहिलं ते वाचलंत तर कळेल: तिच्या नवऱ्याचं जे विकर जन्मतः अधू आहे, तेच ही गोळी बंद पाडते. दारू आत गेली की ॲसिटाल्डिहाइड साचतं आणि माणूस त्या रात्रीसारखा होतो.

हे औषध सापडलं ते योगायोगानं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरनं नोंदवलं की रबराच्या कामात वापरायच्या अशाच एका रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी होते. पुढे कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक डायसल्फिरमचा जंतांवर उपयोग होतो का ते पाहत होते. नवं औषध आधी स्वतः घेऊन पाहायची त्यांच्याकडे पद्धत होती. घेतलं, आणि नंतर दारूला तोंड लावल्यावर दोघांचीही तुमच्या यजमानांसारखी, पण सौम्य, गत झाली. जंत बाजूला राहिले आणि १९४८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दारूवरचं औषध म्हणून त्याचा निबंध आला. सुरुवातीच्या काळात डॉक्टरही मोठाले डोस देत आणि मुद्दाम दारू पाजून धडा शिकवत. त्यात माणसं दगावली, तेव्हा ती पद्धत सोडून दिली.

आज या औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा असतो, की माणूस प्यायलेला असताना आणि त्याला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय हे कधीही देऊ नये. कारण उघड आहे. ज्याला ठाऊक आहे तो पिणार नाही, किंवा प्यायला तरी पहिल्या घोटाला थांबेल. ज्याला ठाऊक नाही तो रोजच्यासारखा क्वार्टर रिचवेल. रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. हृदय आधीच कमजोर असेल तर जीव जातो. तुमचे यजमान त्या रात्री वाचले त्यात नशिबाचा वाटा आहे. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरला गोळीचा पत्ता नसल्यामुळे तो अंधारात उपचार करत होता.

तुम्हाला मी दोष देत नाही. दहावीची मुलगी घरात, आणि रोज संध्याकाळी फाटकाचा आवाज ऐकून पोटात गोळा येणाऱ्या बाईला कुणीतरी सोपा उपाय सांगितला, तिनं केला. चिठ्ठीशिवाय ती गोळी देणाऱ्या आणि वरणात घाला म्हणून सांगणाऱ्या माणसाला मात्र मी खुशाल दोष देते. दारू सोडवण्याच्या म्हणून बिनानावाच्या पुड्या विकतात त्यांनाही तेच लागू. आत काय आहे लिहिलेलं नसतं. हीच गोळी असेल तर हाच धोका, नसेल तर नुसती राख.

शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो. तुमच्याकडे ते दिवस उलटलेत, पण पुन्हा एक जरी दिलीत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या काळात खोकल्याच्या काही औषधांतली दारूही पुरते.

गंमत अशी, की हेच औषध उघडपणे दिलं तर उपयोगी पडतं. माणसानं स्वतः कबूल व्हायचं, डॉक्टरनं हृदयाचा आलेख आणि यकृताची तपासणी करायची, शेवटच्या पेगानंतर निदान बारा तास जाऊ द्यायचे, आणि मग रोज सकाळी बायकोसमोर किंवा भावासमोर गोळी गिळायची. समोर घेतलेल्या गोळीचा गुण एकट्यानं घ्यायच्या गोळीपेक्षा जास्त येतो. संध्याकाळी मित्र हाक मारतात तेव्हा निर्णय सकाळीच झालेला असतो. नॅलट्रेक्झोन, ॲकॅम्प्रोसेट अशी तलफ कमी करणारी दुसरीही औषधं आहेत, त्यांनी तोंड लाल होत नाही. कोणतं द्यायचं ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

दुसरीकडून एक चूक होऊ देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, झटके येऊ शकतात. सोडायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली.

त्यांना खरं कसं सांगायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो पत्रात आहे. एकटीनं, ते प्यायलेले असताना मुळीच सांगू नका. आधी डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्यासमोर, सकाळच्या वेळी, दिरांना बरोबर घेऊन सांगा. ते चिडतील. पण "त्या रात्री ॲटॅक नव्हता" हे त्यांना कळणं उपचाराच्या दृष्टीनंही गरजेचं आहे, नाहीतर उगाच हृदयविकाराच्या गोळ्या गिळत बसतील. मारहाणीची भीती असेल तर सांगण्याचं काम पूर्णपणे डॉक्टरांवर सोपवा आणि त्या दिवशी मुलीला घेऊन माहेरी किंवा बहिणीकडे राहा.

पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे, घरच्यांशीही बोलतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या सभा महाराष्ट्रात गावोगाव होतात आणि पिणाऱ्यांच्या बायकांसाठी, मुलांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या. यजमान तयार नसले तरी तिथे तुम्ही एकट्या जाऊ शकता. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो, पैसे पडत नाहीत.

तालुक्याच्या किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग कुठल्या वारी असतो ते फोन करून विचारा आणि याच आठवड्यात जा. गोळ्यांचं उरलेलं पाकीट फेकू नका, बरोबर न्या. किती मिलिग्रॅमची गोळी ते त्यावर असतं. शेवटची कधी घातली ती तारीख आणि त्या रात्रीचा दवाखान्याचा कागदही बरोबर असू द्या.